पेढी प्रायव्हेट लिमिटेड केली. टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) एडिट लॉग, म्हणजे बदलांची नोंदवही, लावला तर जुनी एन्ट्री दुरुस्त करता येणार नाही का? आमचा अकाउंटंट याला घाबरतोय.

येईल की! हळदपेढीवाल्यांचा हा गैरसमज सांगलीच्या मार्केट यार्डात बराच फिरतोय. एडिट लॉग हात बांधत नाही, फक्त नोंद ठेवतो. समजा हिशेबपट्टीतली हमाली चुकली आणि तुम्ही व्हाउचर (टॅलीतली एन्ट्री) बदललं, तर आधीची रक्कम, नवी रक्कम, कुणी बदलली आणि कधी, हे सगळं राहतं. डिलीट केलेलं व्हाउचरसुद्धा लॉगमध्ये दिसतं.

भागीदारी होती तोवर असा लॉग ठेवायचं कायद्याचं बंधन नव्हतं. कंपनीला १ एप्रिल २०२३ पासून आहे, उलाढाल कितीही असो. ऑडिटरला त्यावर अहवालात स्वतंत्र लिहावं लागतं आणि लॉग हिशेबाच्या वह्यांसारखाच ८ वर्षं जपावा लागतो.

साध्या टॅलीप्राइममध्ये लॉग चालू-बंद करता येतो, आणि नियमाला तेच चालत नाही. म्हणून 'टॅलीप्राइम एडिट लॉग' ही वेगळी आवृत्ती घ्या, तिच्यात तो बंदच होत नाही.

खरी अडचण पुढेच आहे. आपल्याकडे मुनीम, मालक, मालकाचा पुतण्या, सगळे एकाच अ‍ॅडमिन पासवर्डवर बसतात. मग 'कुणी बदललं' याला अर्थ काय उरला? प्रत्येकाला वेगळा युझर काढून द्या, कुरकुर होईल, होऊ दे. आणि मार्चअखेरीला रोखीच्या नोंदी मागच्या तारखेला घालायची सवय असेल, तर लॉगमध्ये त्या खऱ्या वेळेसकट उमटतील. तुमच्या अकाउंटंटला धास्ती बहुधा याचीच असावी.