एकट्यानं की मिळून? प्राण्यांचा हिशेब

ताडोबात रानकुत्र्यांच्या कळपानं चितळ मारताना पाहिलं. बिबट्या मात्र त्याच जंगलात एकटा शिकार करतो. असं का? (वाचक, नागपूर)

रानकुत्रा भरतो १२ ते २० किलो. मोठा सांबर नर २०० किलोंच्याही पुढे जातो. एकट्यानं त्याच्या अंगावर जाणं म्हणजे जिवाशी खेळ. बिबट्याचं सगळं कसब दबा धरण्यात. सोबत आणखी तिघे असले तर पाचोळा जास्त वाजणार आणि वाटेकरी वाढणार.

पण ही वाटणी जन्माची ठरलेली नसते. सशासारखं लहान सावज असेल तर रानकुत्रा एकटाही पुरतो. सेरेंगेटीतल्या सिंहांबद्दल १९९१ साली शील आणि पॅकर या अभ्यासकांनी हेच मांडलं. वॉर्टहॉग हा तिथला रानडुक्कर एकट्या सिंहिणीला सहज मिळतो, म्हणून एक उठते आणि बाकीच्या बऱ्याचदा बसून बघतात. आफ्रिकी रेडा समोर असला की त्याही उठतात. याला आळस म्हणू नये. एकीनं भागत असेल तर दुसरीनं दम का घालवावा?

दुसऱ्याची गरज आहे हे प्राण्याला खरंच कळतं, की दोघं योगायोगानं एकत्र ओढतात? (शिक्षिका, सातारा)

हाच माझा सर्वांत आवडता प्रश्न. तो तपासायची युक्ती फार साधी आहे. खाऊ ठेवलेली फळी लांब ठेवायची आणि तिच्यातून एकच दोर ओवून दोन्ही टोकं प्राण्यांकडे सोडायची. दोघांनी एकदम ओढलं तरच फळी सरकते. एकानंच ओढलं तर दोर सुळकन निघून येतो, खाऊ तिथेच.

थायलंडमध्ये लाम्पांगच्या हत्ती केंद्रात प्लॉटनिक आणि सहकाऱ्यांनी हा प्रयोग केला. तो २०११ साली प्रसिद्ध झाला. एका हत्तीला आधी सोडलं, जोडीदाराला नंतर. खाऊ डोळ्यांसमोर, दोर सोंडेपाशी, तरीही हत्ती ४५ सेकंदांपर्यंत थांबायला शिकले! जोडीदाराला टोक मिळणारच नाही अशी रचना केली, तेव्हा बरेचदा ओढायच्या फंदात न पडता ते मागे फिरले. याला मी समज म्हणतो.

युगांडातल्या न्गाम्बा बेटावरचे चिंपांझी आणखी पुढे गेले (२००६). शेजारच्या खोलीतल्या जोडीदाराला आत घ्यायचं दार त्यांच्याच हातात होतं. दोराची टोकं जवळ असली, म्हणजे एकट्याला जमण्यासारखं असलं, की ते दार क्वचितच उघडत. टोकं लांब असली की उघडत. दोन जोडीदारांतून निवड करायची झाली, तर अनुभव घेतल्यावर जो नीट ओढतो त्यालाच बोलवत.

मोबदला सारखाच असेल तर चिंपांझी मिळून काम करण्याला विशेष पसंती देत नाहीत. तीन वर्षांची माणसाची पोरं मात्र देतात. तुमच्या वर्गात हे रोज दिसत असेल.

मुलं गटात काम करताना एखादं नुसतं बसून राहतं. प्राण्यांतही असे फुकटे असतात? (त्याच शिक्षिका)

असतात. लाम्पांगच्याच प्रयोगात एका तरुण हत्तिणीनं स्वतःच्या टोकावर पाय रोवला. दोर निसटेना, ओढायचे कष्ट जोडीदाराचे, खाऊ दोघांचा. मला तिचं कौतुकच वाटतं, कारण दोराचं गणित कळल्याशिवाय ही चलाखी सुचत नाही.

घरी दोन कुत्री आहेत, एकमेकांवर जीव आहे. ती हा दोर ओढतील? (वाचक, ठाणे)

न शिकवता बहुधा नाही. ऑस्ट्रियातल्या लांडगा संशोधन केंद्रात २०१७ साली हे करून पाहिलं. लांडग्यांच्या बहुतेक जोड्यांना किमान एकदा जमलं, कुत्र्यांच्या एकाच जोडीला. अभ्यासकांच्या मते खाण्यापाशी कुत्री एकमेकांना वाट देतात. एक पुढे झालं की दुसरं मागे राहतं, मग दोघं एकदम ओढणार कधी? लांडगे मात्र कुरकुरत का होईना, शेजारी शेजारी उभे राहतात. जीव असणं आणि वाट्याची वस्तू शेजारी शेजारी खाता येणं, या दोन वेगळ्या गोष्टी. म्हणून जेवणाची भांडी थोडी लांब लांबच ठेवा.