क्लॅडिंग राहू द्या, आधी गडहिंग्लजला जाऊन या

बेळगावच्या शहापुरातल्या एका वाचकांचं पत्र आलंय. थोडं आवरून देतो.

"वय 59. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत सुपरवायझर होतो, मागच्या वर्षी सुटलो. वडिलांनी 1978 साली स्वतःच्या पगारातून घेतलेलं कौलारू घर आहे, जागा साधारण अकराशे चौरस फूट. मुलगा पुण्यात असतो, घर विकून तिकडे फ्लॅट घ्यायचा विचार आहे. म्हणून आठ महिन्यांपूर्वी काम काढलं. पुढच्या दोन खोल्यांवर स्लॅब, नवं बाथरूम, टाइल्स, वायरिंग मिळून 17 लाख गेले. त्यातले 9 लाख मिसेसच्या दागिन्यांवर काढले, व्याज 11 टक्के. 4 लाख क्रेडिट सोसायटीचे, 14 टक्क्यांनी. उरलेले पीएफचे. आता 90 लाख यायला हरकत नाही. टिळकवाडीत मित्राचं घर 95 ला गेलं. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली, एकाने 70 म्हटलं, दुसऱ्याने 68. पाडूनच मागतात. हातात दीड लाख आहेत. त्यात पोर्चला दगडी क्लॅडिंग, हॉलला फॉल्स सीलिंग आणि दारात थोडी शोभा करावी, की मॉड्युलर किचन करावं? कशाने किंमत जास्त येईल? बँकेतल्या साहेबांनी हमी परताव्याची एक योजना दिली आहे. वर्षाला 3 लाख, सात वर्षं भरायचे, पंधरा वर्षांनी 36 लाख मिळतात. पहिला हप्ता भरला, पॉलिसीचे कागद मेलवर येऊन 17 दिवस झाले. पुढचे हप्ते घराच्या पैशातून भरीन. उतारा अजून वडिलांच्या नावावर आहे, ते 2016 ला गेले, आई 2021 ला. मृत्युपत्र नाही. दोन बहिणी आहेत, एक गडहिंग्लजला, एक खानापूरला. त्यांचं काही म्हणणं नाही."

विचारलंय त्याचं उत्तर आधी देतो, ते लहान आहे.

क्लॅडिंग नको, फॉल्स सीलिंग नको, किचन तर अजिबात नको. घेणारा स्वतःच्या आवडीचं किचन करणार आणि तुमचं उपटून टाकणार. आपल्याकडचा पाऊस झेललेल्या घरात गिऱ्हाईक आल्याआल्या काय करतं ते बघा: खालच्या दोन फुटांवर भिंतीला हात लावतं आणि वर कोपऱ्यात डाग आहे का बघतं. ओल कुठून येते ते आधी शोधा. फुटकी कौलं बदला, पन्हळ साफ करा, बाथरूमच्या मागची भिंत पूर्ण वाळू द्या, मगच रंग. ओलीवर रंग मारला तर तो एका पावसात पापुद्र्यासारखा सुटतो आणि गिऱ्हाइकाला वाटतं की हे काहीतरी लपवताहेत. आत सगळीकडे एकच फिका रंग, बाहेर फक्त दर्शनी भिंत. सगळ्या खोल्यांत एकाच रंगाच्या उजेडाचे एलईडी लावा. एका खोलीत पांढरा आणि दुसऱ्यात पिवळा असला की घर ठिगळं लावल्यासारखं दिसतं. गळके नळ, करकरणाऱ्या बिजागऱ्या, पिवळे पडलेले स्विच बदला. आणि तुमची जुनी सागवानी चौकट असेल, तर तिच्यावरचे ऑइल पेंटचे थर खरवडून पॉलिश करून घ्या. त्या दारासारखं दार आज करायला सांगा सुताराला, म्हणजे कळेल. निम्मं सामान माळ्यावरून हलवा, त्याला पैसे लागत नाहीत. हे सगळं 40 हजारांत बसतं. कुंड्या हव्या तर ठेवा, तुळस आहेच.

यातून 70 चे 90 होणार नाहीत. जुन्या गल्लीतलं घर घेणारा जागेचे पैसे देतो, घराचे थोडे. टिळकवाडीतला रस्ता, पार्किंग आणि प्लॉटची रुंदी तुमच्या पोर्चला दगड लावून येत नाही. दोन वेगवेगळी माणसं 70 आणि 68 म्हणतात, तेव्हा तो बाजारभाव असतो. शिवाय घेणाऱ्याला वर मुद्रांक आणि नोंदणी मिळून साडेसात टक्क्यांहून जास्त भरायचे आहेत. 70 लाखांवर सव्वापाच लाख होतात ते. तो ते तुमच्या किमतीतूनच मनात वजा करून बोलतो.

आता तुम्ही न विचारलेलं.

"त्यांचं काही म्हणणं नाही." हे वाक्य मला दर दोन-चार पत्रांत भेटतं आणि ते नेहमी भावाने लिहिलेलं असतं. बहिणीने लिहिलेलं अजून एकदाही वाचलेलं नाही. भाऊबीजेला आलेल्या बहिणीला कुणी सरळ विचारलंय का, की घर विकतोय, तुझा हिस्सा किती धरू? विचारलं नसेल तर म्हणणं असणार कुठून?

बऱ्याच जणांना वाटतं की मुलींचा हक्क 2005 च्या दुरुस्तीने आला. वडिलोपार्जित मिळकतीचा प्रश्न वेगळा. वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेल्या घरात, मृत्युपत्र नसेल तर, मुलगी मुलाच्या बरोबरीची वारस आहे ती 1956 पासून. राहत्या घराची वाटणी मुलींना मागता येत नव्हती, तेवढी अडचण 2005 ला गेली. म्हणजे या घराचे आज तीन मालक आहेत, प्रत्येकाचा एक तृतीयांश, आणि तुम्ही त्यातले एक. काम काढताना इतर दोघींना विचारलं होतं का, हे पत्रात नाही. नसावं.

आकडे गोल करून मांडतो. 70 लाखांना गेलं, दलाली आणि वकील जाऊन 68 धरू. त्याचे तीन भाग केले की तुमच्या वाट्याला 22 लाख 70 हजार येतात. त्यातून दागिन्यांचे 9 आणि सोसायटीचे 4 फेडले की हातात राहतात पावणेदहा लाख, तेही कर धरण्याआधी. तुमच्या डोक्यात कर्ज फेडून 77 लाख आहेत.

दुसरी बाजूही बघा. बहिणी म्हणाल्या, की दादाने घातलेले 17 लाख आधी काढून घे आणि उरलेले वाटू, तर 51 चे तीन भाग, 17-17 लाख. तुमचे 17 अधिक 17, एकूण 34. कर्ज फेडून 21 लाख हातात. म्हणजे सव्वाअकरा लाखांचा फरक गडहिंग्लज आणि खानापूरच्या दोन "हो"वर आहे. एका सहमालकाने न विचारता घराला खर्च केला तर तो त्याला आपोआप परत मिळत नाही, तेव्हा हे मागून घ्यायचं आहे. धरून चालायचं नाही.

त्यांनी हिस्सा घ्यायचा ठरवला तर हक्कसोडपत्राच्या भानगडीत पडू नका, तिघांनी मिळून खरेदीखतावर सही करायची आणि पैसे तीन खात्यांत. त्यांनी मनापासून सोडला तर हक्कसोडपत्र नोंदवून घ्या, पण साडीचोळीवर सही घ्यायला जाऊ नका. मेव्हण्यांना समोर बसवून, 68 आणि 17 हे दोन्ही आकडे कागदावर लिहून बोला. आणि लवकर. आज दोन सह्या लागतात. उद्या दोघींपैकी एकीचं काही झालं तर तिच्या नवऱ्याच्या आणि मुलांच्या लागतील, त्यातला एखादा दुबईला असतो.

त्याआधीचं कागदाचं काम तुम्हाला नवं नसेल, पण गिऱ्हाईक का थांबत नाही याचं निम्मं कारण इथे आहे. नाडकचेरीतून (महसूल खात्याचं स्थानिक कार्यालय) वंशावळीचा दाखला, आई-वडिलांचे मृत्यूचे दाखले, सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर आणि महापालिकेच्या खात्यावर तिघांची नावं, मग ई-खाता, म्हणजे महापालिकेच्या मिळकत नोंदीचा ऑनलाइन उतारा. ई-खात्याशिवाय खरेदीखत नोंदवून मिळत नाही, आणि कर्ज काढून घेणाऱ्याची बँक ते पहिल्या दिवशी मागते. सगळा कागद कन्नडमधून येणार, तेव्हा नावं कन्नड येणाऱ्या माणसाकडून अक्षर-अक्षर तपासून घ्या. आधारवर एक, उताऱ्यावर दुसरं आणि मृत्यूच्या दाखल्यावर तिसरं असं आपल्या सीमाभागातल्या किती घरांत आहे, ते कुठल्याही वकिलाला विचारा. शिवाय स्लॅब टाकताना महापालिकेची परवानगी काढली होती का? तेही विचारलं जाणार.

हे होईपर्यंत व्याज थांबत नाही. 9 लाखांवर 11 टक्के म्हणजे महिन्याला सव्वाआठ हजार, 4 लाखांवर 14 टक्के म्हणजे पावणेपाच हजार. महिन्याला 13 हजार. आठ महिन्यांत लाखभर गेलेच आहेत. 90 च्या गिऱ्हाइकाची अजून वर्षभर वाट बघितलीत तर आणखी दीड लाख, आणि तोवर दागिन्यांच्या कर्जाची मुदत उलटून नोटीस दारात. मिसेसना विचारलंत का, त्यांना ते दागिने कधी परत हवेत?

आणि या सगळ्यात बँकेतल्या साहेबांनी तुमच्याकडून 3 लाख काढले. 59 वर्षांच्या, पगार थांबलेल्या, 13 लाखांचं कर्ज डोक्यावर असलेल्या माणसाला सात वर्षं 3-3 लाख भरायची योजना! तुमचे 21 लाख गेल्यावर 36 येतात म्हणजे "15 लाख फायदा" असं त्यांनी सांगितलं असणार. पैसे किती वर्षं अडकतात ते धरलं तर हा परतावा साडेचार टक्क्यांच्या आसपास पडतो. म्हणजे 14 टक्क्यांनी सोसायटीचं कर्ज घेऊन साडेचार टक्क्यांनी पैसे ठेवलेत, आणि ते हातात येतील तेव्हा तुम्ही 74 चे असाल. दुसरा हप्ता घराच्या पैशातून म्हणता, ते पैसे वर मोजून दाखवले. हप्ता चुकला की पहिल्या 3 लाखांतलेही काही जातील.

पण एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे. पॉलिसीचे कागद मिळाल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते, कारण विचारलं तरी "अटी मान्य नाहीत" एवढं पुरतं. किरकोळ कापून बाकी रक्कम परत येते. तुमचे 17 दिवस गेलेत, 13 उरले. अर्ज विमा कंपनीच्या शाखेत लेखी द्या, मेलही करा, पोच घ्या. बँकेतल्या साहेबांच्या हातात अर्ज देऊ नका. ते "पुढच्या आठवड्यात करू" म्हणतील आणि तो पुढचा आठवडा 31 व्या दिवशी उगवेल.

आलेले पैसे सरळ सोसायटीच्या कर्जात घाला. महिन्याचं साडेतीन हजार व्याज तिथेच थांबतं. हातातल्या दीड लाखातले 40 हजार घराला, बाकी कागदपत्रं आणि व्याजासाठी ठेवा. घर विकून जे 10 किंवा 21 लाख येतील ते, साठ पूर्ण झाल्यावर, पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत टाका, सध्या 8.2 टक्के मिळतात आणि व्याज दर तिमाहीला हातात येतं. पुण्यात या पैशांत फ्लॅट येत नाही, तो विचार मुलाशी बोलून सोडा. भाड्याने राहा त्याच्या जवळपास.

कराचं थोडक्यात: विक्रीवर कर आहे, राहतं घर असलं तरी. तिघांनी आपापल्या हिश्श्यावर वेगळा भरायचा, साधारणपणे साडेबारा टक्के. घर जुनं आहे म्हणून 1 एप्रिल 2001 ची किंमत धरता येते, ती सीएकडून काढून घ्या. मग करपात्र नफा बराच खाली येतो. स्लॅब आणि बाथरूमची पक्की बिलं असतील तर तीही जपा. रंगाऱ्याची चिठ्ठी चालणार नाही. कुणी "निम्मे रोख देतो" म्हणालं तर उठून चहा पाजा आणि वाटेला लावा.

सोमवारी विमा कंपनीत जा. रविवारी गडहिंग्लज, पुढच्या रविवारी खानापूर. आणि क्लॅडिंगचा दगड अजून आणून टाकला नसेल तर दुकानदाराला आजच नको म्हणून फोन करा. आणला असेल तर परत घेतो का विचारा, गाडीभाडं गेलं तरी चालेल.