गुपित वकिलाचं नसतं

वकिलांसाठीची तुझी प्रश्नावली वाचली आणि नवव्या प्रश्नाशी अडलो. ‘आरोपीने खासगीत गुन्हा कबूल केल्यावर आपणास किती अस्वस्थ वाटले? एक ते पाच गुण द्या.’ अगं, गुण कसले देतेस! तो काय बोलला हे मला सांगताच येत नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम १२६ होतं, १ जुलै २०२४ पासून साक्ष अधिनियमाचं १३२. गुपित पक्षकाराचं, माझं नव्हे. वकील तोंड उघडत नाहीत म्हणून तू हिरमुसलीस. जे घडाघडा बोलतील, त्यांच्यापासून जप.

१८४० मध्ये लंडनला मालकाच्या खुनाचा खटला ऐन रंगात असताना कुर्व्हाझिए या नोकराने आपल्या वकिलाला, चार्ल्स फिलिप्सला, कबुली दिली. फिलिप्सने तरीही बचाव चालवला म्हणून लोकांनी त्याला वर्षानुवर्षं झोडपलं. माझ्या मते त्याची चूक निराळीच. सल्ला घ्यायला तो गेला त्याच खटल्यात न्यायासनावर बसलेल्या बॅरन पार्क या न्यायाधीशाकडे! गुपित पक्षकाराचं होतं ना?

मी तरी कुठला शहाणा? एका खुनाच्या केसमध्ये तपासी अंमलदाराची उलटतपासणी बाकी असताना मी नो-इन्स्ट्रक्शन पुरसीस दिली, म्हणजे पक्षकाराच्या सूचना नाहीत, केस सोडतो, असं कोर्टाला लिहून दिलं. न्यायाधीशांनी कागद वाचला, चष्म्यावरून आधी माझ्याकडे पाहिलं, मग पिंजऱ्यातल्या माणसाकडे. मी अवाक्षर काढलं नव्हतं, तरी फुटायचं ते फुटलं. बघ, आत्ता एवढ्यावरून तूही ओळखलंसच.

त्यानंतर वकालतनामा कधी मागे घेतला नाही. खोटा साक्षीदार उभा केला नाही, पण पंचनाम्यातलं एक भोकही सोडलं नाही. बार कौन्सिलचा नियमच आहे, दोषाबद्दल स्वतःचं मत काहीही असो, बचाव करायचा. पैशासाठी करतो म्हणाले लोक. म्हणोत. त्यातल्या कितीतरी केसेस विधी सेवेच्या, म्हणजे गरिबांना सरकारी खर्चाने वकील देतात त्या होत्या, आणि त्या फीमध्ये झेरॉक्ससुद्धा भागत नसे. घरी ही अजून विचारते, तेव्हा काय झालं होतं. तिलाही नाही सांगितलं.

तेव्हा ‘काय वाटलं’ हे खोड. ‘त्या तारखेला काय केलंत’ हे विचार आणि उत्तर रोजनाम्याशी, कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीशी, ताडून बघ. कोर्टात घडलं ते सगळ्यांचं, कोठडीत बोललेलं पक्षकाराचं. किती वेळा सांगू?

सोमवारी अकराला सेशन्स कोर्टात ये. बाररूमबाहेरच्या बाकड्यावर असेन. वही आण, रेकॉर्डर नको.