पहिली रहस्यकथा चित्रात उतरवताना

दुसऱ्या लेखकाची रहस्यकथा कॉमिक म्हणून काढणार असशील, तर आधी तिचे हक्क बघ. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो. शेरलॉक होम्सचे लेखक कॉनन डॉयल १९३० साली गेले, त्या कथा मोकळ्या आहेत. अगाथा ख्रिस्ती १९७६ साली गेल्या, तिथे २०३६ संपेपर्यंत परवानगी लागेल. कादंबरी नको, छोटी कथाच घे.

नवखे हमखास पुरावा क्लोज-अपमध्ये काढतात, आणि वाचकाला तिथेच सगळं कळतं! पुरावा खोलीच्या मोठ्या चित्रात, इतर सामानात उघड्यावर ठेव. उलगडा डाव्या पानावर, पान उलटल्यावरच दिसू दे. शेवटचं लांबलचक भाषण संवादांच्या फुग्यांत कोंबू नकोस.

घटनास्थळाचा नकाशा आधी काढ. शनिवार पेठेतल्या एखाद्या वाड्याचा चौक, जिना रेखाटून बघ, हात छान बसतो. रंगांचं नंतर बोलू. चार पानं पेन्सिलीत झाली की नक्की दाखव.