इंग्लंडच्या कालव्यांतली वाफेवर चालणारी एखादी जुनी मालवाहू बोट अजून शिल्लक आहे का?

आहे की, 'प्रेसिडेंट'! फेलोज, मॉर्टन अँड क्लेटन कंपनीने १९०९ मध्ये बर्मिंगहॅमच्या सॉल्टलीत बांधली. लांबी ७० फुटांवर, रुंदी जेमतेम ७ फूट, कारण तिकडची लॉक (पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणारे दारांचे कप्पे) तेवढीच अरुंद. मागे दुसरी बिनइंजिनाची बोट बांधून रात्रंदिवस माल ओढायची. पण बॉयलर-इंजिनच मालाची जागा खायचं, वर कोळसा आणि जास्त माणसं. म्हणून १९२५ मध्ये डिझेल इंजिन बसवलं. पुढे कालव्यांच्या डागडुजीची हलकी कामं, मग निव्वळ सांगाडा. १९७३ मध्ये हौशी मंडळींनी तो विकत घेतला आणि १९७८ पर्यंत त्यात पुन्हा वाफेचं इंजिन बसवलं! आता ती डडलीच्या ब्लॅक कंट्री संग्रहालयाच्या मालकीची आहे.