पिंजरा आवडला, पण शिकायचं काय?

प्रश्न: सर, मी बीएस्सी रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. सेमिनारसाठी ‘फेरिटिनच्या पोकळीत औषध भरणं’ हा विषय घेतला आणि त्यातच गुंतून गेले. पुढेही हेच करावंसं वाटतं. बाबा म्हणतात, एका प्रोटीनवर कुणाचं करिअर होत नसतं. शिवाय माझं जीवशास्त्र कच्चं आहे. एमएस्सी नॅनोसायन्समध्ये करू की बायोकेमिस्ट्रीमध्ये? सेमिनारच्या स्लाइड सोबत पाठवल्या आहेत.

उत्तर: बायोकेमिस्ट्रीमध्ये कर. नॅनोसायन्सचे काही अभ्यासक्रम चांगले असतात, पण बरेचसे धातूंच्या कणांभोवतीच फिरतात. तुला प्रोटीन हाताळायचंय.

रक्ततपासणीच्या रिपोर्टवर ज्याचा आकडा असतो, तेच हे फेरिटिन. प्रोटीनच्या २४ साखळ्या आपसूक जुळून पोकळ गोळा, म्हणजेच आपला पिंजरा, बनतो आणि त्यात साडेचार हजारांपर्यंत लोहाचे अणू मावतात. लोह काढून त्या रिकाम्या जागेत दुसरी खनिजं घडवता येतात, हे १९९१ मध्ये दाखवलं ते रसायनवाल्यांनीच. तेव्हा जीवशास्त्र कच्चं असल्याची फार धास्ती घेऊ नकोस. सामू, बफर, विद्रव्यता या गोष्टींची जाण तुला आधीपासून आहे, आणि इथली निम्मी लढाई तीच असते.

तुझ्या स्लाइडवर भरण्याची कृती तीन बाणांत उरकली आहे: सामू २ वर पिंजरा उकलतो, औषध घालायचं, सामू ७ वर आणला की मिटतो. प्रत्यक्षात काही प्रोटीन गढूळ होऊन तळाशी बसतं आणि काही गोळे अर्धवटच जुळतात. उरलेल्यांबाबत खरा प्रश्न पुढेच आहे: औषध आत गेलंय की बाहेर चिकटलंय? द्रावण कॉलममधून, म्हणजे रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या नळीतून, सोडलं आणि बाहेर येताना ते किती प्रकाश शोषतं ते मोजलं, की २८० नॅनोमीटर तरंगलांबीला प्रोटीनचं शिखर दिसतं. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचं औषध असेल तर ४८० च्या आसपास त्याचंही. दोन्ही शिखरं एकत्र आली की विद्यार्थी खूश होतात. पण बाहेर चिकटलेलं औषधही प्रोटीनबरोबरच बाहेर पडतं! म्हणून न उकललेल्या पिंजऱ्यात तेच औषध मिसळून, तसंच धुऊन, तोच कॉलम पुन्हा चालवावा लागतो. कधी कधी या तुलनेच्या नमुन्यातही तेवढंच औषध सापडतं आणि दोन महिन्यांचं काम पाण्यात जातं. त्या दिवशी वैतागून झाल्यावरही ‘मग आत किती गेलं?’ हे जाणून घ्यावंसं वाटलं, तर हे क्षेत्र तुझं आहे.

आता बाबांचा मुद्दा. एका प्रोटीनवर करिअर होत नाही, हे त्यांचं बरोबर आहे. फेरिटिनमध्ये भरलेलं कर्करोगाचं औषध अजून संशोधनाच्याच टप्प्यात आहे, त्यामुळे त्याच नावाची नोकरी शोधू नकोस. पण जिवाणूंत प्रोटीन तयार करून घेणं, शुद्ध करणं, त्याचे गठ्ठे होताहेत का ते मोजणं, सूक्ष्मदर्शकाखाली तपासणं ही कामं लसी, प्रतिपिंडांची औषधं, एन्झाइम सगळीकडे लागतात. संगणकावर रचलेल्या प्रोटीन-कणांवर आधारित कोविडची लस दक्षिण कोरियात २०२२ मध्ये मंजूर झाली. तिथे पिंजऱ्याच्या आत काही भरलेलं नाही, पृष्ठभागावर विषाणूचे तुकडे मांडलेले आहेत. विषय थोडा सरकला, हातातलं कसब मात्र तेच राहिलं.

फेरिटिनवरच अडून बसू नकोस. जिवाणूंमधल्या एन्कॅप्सुलिन या प्रोटीन-पिंजऱ्याबद्दल वाच. त्यात आत न्यायच्या प्रोटीनच्या टोकाला एक छोटी पेप्टाइड-खूण (अमिनो आम्लांची आखूड साखळी) जोडली की पिंजरा जुळतानाच ते आत घेतलं जातं, सामूची कसरत लागत नाही. प्रोटीनचा माल असेल तर मला हा मार्ग जास्त आवडतो. औषधाच्या लहान रेणूला मात्र ही खूण अशी सहज जोडता येत नाही.

एमएस्सीला प्रवेश घेण्याआधी एकच चौकशी कर: प्रकल्पात विद्यार्थी स्वतः कॉलम चालवतात का, की नमुने दुसरीकडे पाठवून नुसता आलेख आणतात? हे तिथल्या सीनियर मुलांना विचार, माहितीपत्रकात मिळणार नाही.

आणि हो, चौथ्या स्लाइडवर फेरिटिनचा व्यास १२ मायक्रोमीटर लिहिला आहेस. तेवढा पिंजरा तांबड्या रक्तपेशीहूनही मोठा होईल. नॅनोमीटर कर.