उपकरण नवे असेल, तर बाकी सारे जुने हवे

प्रश्न : मी चार वर्षांपासून स्कूबा डायव्हिंग करते आणि माझ्या साठेक डाइव्ह झाल्या आहेत. आजवर छोटा अ‍ॅक्शन कॅमेरा वापरत होते. आता मिररलेस कॅमेरा, त्याचे हाउसिंग (पाणी आत येऊ न देणारे कवच) आणि दोन स्ट्रोब (पाण्याखाली वापरायचे फ्लॅश) घेतले आहेत. नव्या कॅमेऱ्यासह केलेल्या पहिल्याच डाइव्हमध्ये मला एका खोलीवर स्थिर राहता आले नाही, हवा नेहमीपेक्षा फार लवकर संपली आणि बहुतेक फोटोंत पांढऱ्या ठिपक्यांचा पाऊस पडल्यासारखा दिसतो. शिकायला सुरुवात कुठून करावी?

उत्तर : तुमच्या तीन तक्रारींपैकी फक्त शेवटची फोटोग्राफीची आहे आणि ती सर्वांत सोपी आहे. पहिल्या दोन डायव्हिंगच्या आहेत, म्हणून त्यांचा विचार आधी करू.

साठ डाइव्हनंतर शरीर आपोआप तोलले जाते, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात आपण क्षणोक्षणी श्वासाने आणि नजरेने तो तोल सांभाळत असतो, आणि नवे यंत्र हातात आले की ते लक्ष नेमके तिकडे जाते. त्यातून फोटो हलू नये म्हणून बटण दाबताना श्वास रोखण्याची सवय लागते. ही सवय पहिल्याच दिवशी मोडा. दहा मीटर खोलीवर एकूण दाब पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट असतो. श्वास रोखून वर सरकलात, तर फुप्फुसातली हवा प्रसरण पावते आणि अगदी थोड्या चढणीतही गंभीर इजा होऊ शकते. बटण दाबायचे ते संथपणे श्वास सोडता सोडता.

माझा आग्रह एवढाच आहे की, जेव्हा उपकरण नवे असेल तेव्हा जागा, खोली, सूट, वजने आणि शक्य झाल्यास बडी, म्हणजे पाण्यातला जोडीदारसुद्धा, ओळखीचा असावा. पहिला सराव पोहण्याच्या तलावात आणि त्यानंतर सहा ते आठ मीटर खोलीच्या, वाळूचा तळ असलेल्या शांत पाण्यात करा. प्रवाळाजवळ एवढ्यात जाऊ नका, कारण तोल गेला की हात आधार शोधतो आणि त्या एका स्पर्शाने कित्येक वर्षांची वाढ तुटते. पाण्यात हाउसिंगचे वजन बदलते, पुढचा जड पोर्ट (लेन्ससमोरचा काचेचा भाग) मनगट खाली ओढतो; तेव्हा कॅमेरा हातात घेऊनच तुमची वजने पुन्हा तपासा आणि गरज पडल्यास स्ट्रोबच्या दांड्यांना फ्लोट लावा. मग कॅमेरा दोरीने बीसीडीच्या (हवा भरून तरंगणे सांभाळणाऱ्या जॅकेटच्या) रिंगला अडकवून दोन्ही हात मोकळे करा आणि मास्कमधले पाणी काढणे, सुटलेला रेग्युलेटर (ज्यातून श्वास घेतो तो भाग) परत तोंडात घेणे हे सराव करून पाहा. ते सहज जमेपर्यंत फोटोंची चिंता करू नका. दर चार-पाच फोटोंनंतर गेज (उरलेली हवा दाखवणारे) आणि डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ दाखवणारा) पाहायचा, हे बडीशी आधीच ठरवून घ्या. वाट पाहत थांबणाऱ्या बडीची हवाही संपतच असते.

कॅमेऱ्याची ओळख मात्र जमिनीवरच करून घ्यावी. हाउसिंगमध्ये कॅमेरा बसवून, हातमोजे वापरत असाल तर ते घालून, डोळे मिटून प्रत्येक चक्र बोटांनी शोधा. मॅन्युअल मोडवर शटर १/१२५, अ‍ॅपर्चर एफ/८, आयएसओ २०० आणि स्ट्रोबची शक्ती निम्मी, एवढे ठेवून उतरा आणि पहिल्या काही डाइव्हमध्ये फक्त स्ट्रोबची शक्ती बदला.

आता ठिपके. स्ट्रोब लेन्सला चिकटून असेल, तर लेन्स आणि विषय यांच्यामधल्या पाण्यातला प्रत्येक कण उजळतो आणि तोच फोटोत उमटतो; यालाच बॅकस्कॅटर म्हणतात. दोन्ही स्ट्रोब बाजूंना लांब न्या, पोर्टच्या किंचित मागे ठेवा आणि त्यांची तोंडे थोडी बाहेरच्या दिशेला वळवा, म्हणजे झोताची फक्त कड विषयावर पडेल. त्याहून मोठा उपाय म्हणजे विषयाच्या जवळ जाणे. पाणी लाल रंग सर्वांत आधी शोषून घेते, आणि स्ट्रोबच्या प्रकाशाला विषयापर्यंत जाऊन परत यावे लागते. म्हणजे दीड मीटरवरच्या माशासाठी तो तीन मीटर पाण्यातून गाळून येतो. अर्ध्या मीटरवर या आणि तोच मासा पुन्हा टिपून पाहा. रंग आणि ठिपके, दोन्हींतला फरक लगेच दिसेल.

प्रश्न : हाउसिंगमध्ये पाणी शिरण्याची मला इतकी धास्ती वाटते की डाइव्हचा आनंदच जातो. खात्री कशी करावी?

उत्तर : ओ-रिंगकडे, म्हणजे झाकणाच्या फटीतून पाणी आत येऊ न देणाऱ्या रबरी रिंगकडे, पाहायला शिका. माझ्या एका हाउसिंगमध्ये थेंबभर पाणी आले, तेव्हा कारण होता टॉवेलचा एक पांढरा धागा. उघड्या डोळ्यांना तो दिसत नव्हता, टॉर्च तिरका धरला तेव्हा काळ्या रिंगवर आडवा पडलेला सापडला. तेव्हापासून मी रिंग प्लास्टिकच्या पट्टीने काढते, बोटांच्या चिमटीतून फिरवते, आणि जिथे खरखर लागेल तिथे थांबते. ग्रीस फक्त रिंग चमकण्यापुरते लावायचे, कारण जास्तीचे ग्रीस वाळू आणि केस पकडून ठेवते. खाचेतून कोरडी, धागे न सोडणारी काडी फिरवायलाही विसरू नका.

पहिली डाइव्ह कॅमेऱ्याविना करा. रिकामे हाउसिंग वर उसळते, म्हणून आत एखादे वजन ठेवा आणि टिश्यू पेपर पसरा; तो कोरडा परत आला की मन निश्चिंत होते. खोलीवरचा दाब झाकण रिंगवर आणखी घट्ट बसवतो, त्यामुळे गळती बऱ्याचदा उथळ पाण्यातच सुरू होते. म्हणून पहिल्या दोन-तीन मीटरवर थांबून बुडबुडे पाहा. पाणी शिरलेले दिसले, तर पोर्ट खाली करा म्हणजे ते कॅमेऱ्यापासून दूर साचेल, आणि नेहमीच्याच वेगाने वर या. मिनिटाला नऊ मीटरची मर्यादा आणि पाच मीटरवरचा तीन मिनिटांचा थांबा कोणत्याही कॅमेऱ्यासाठी मोडायचा नाही.

प्रश्न : डाइव्हच्या मध्येच पोर्ट आतून धुरकट होतो. गळती नाही, मग काय?

उत्तर : आत बंद झालेली दमट हवा थंड पाण्यात निवते आणि काचेवर बाष्प धरते. हाउसिंग कोरड्या, गार खोलीत बंद करा, सिलिका जेलची पुडी ठेवा आणि बोटीवर ते उन्हात सोडू नका. डाइव्हनंतर अर्धा तास गोड्या पाण्यात बुडवून बटणे दाबत राहा. पूर्ण कोरडे केल्यावर, आणि आपले केसही पुसून झाल्यावरच ते उघडा.